पासंग

आमच्याकडे कामाला येणाऱ्या नव्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक जुनी तुलना दाखवते. बिहार, केरळ आणि अमेरिका. घरोघर जाऊन ‘तुम्ही आजारी होतात का?’ असं विचारलं, तर ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण बिहारपेक्षा केरळात कितीतरी जास्त भरतं आणि अमेरिकेत केरळपेक्षाही जास्त. आयुर्मानही नेमकं याच क्रमाने वाढत जातं. म्हणजे जिथे माणसं जास्त जगतात, तिथेच ती जास्त आजारी! अमर्त्य सेन यांनी २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ही विसंगती मांडली होती. मुलं संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आलेली असतात, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला: “मॅडम, डेटा चुकलाय का?”

डेटा चुकलेला नाही. केरळातली बाई शिकलेली आहे, दवाखाना तिच्या हाकेच्या अंतरावर आहे, तिचा रक्तदाब कुणीतरी मोजलेला आहे. आपल्याला काय झालंय हे तिला माहीत असतं. बिहारमधल्या खेड्यात ज्याला आयुष्यात कुणी तपासलंच नाही, तो ‘मी बरा आहे’ म्हणतो आणि त्याच्या लेखी ते खरंच असतं. दोघंही खरं बोलत आहेत. फक्त त्या दोन खऱ्या उत्तरांची वजाबाकी करता येत नाही.

माझ्या नोकरीचा बराच काळ या वजाबाकीच्या आसपास गेला. मी मुंबईत आरोग्य सर्वेक्षणांच्या डेटावर काम करते. त्यातलं सर्वांत जास्त काम जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ या अभ्यासाच्या फाइलींवर झालं. त्याची पहिली फेरी २००७ ते २०१० या काळातली. चीन, घाना, भारत, मेक्सिको, रशिया आणि दक्षिण आफ्रिका या सहा देशांतले पन्नाशी ओलांडलेले ३४ हजारांवर लोक, आणि ताडून बघायला काही तरुण. भारतातलं काम देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलं. आसाम, कर्नाटक, महाराष्ट्र, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल ही सहा राज्यं त्यात होती. प्रश्नावली एक, पर्यायांचे आकडे एक, फाइलींची रचना जवळजवळ एक. सहा फाइली एकाखाली एक जोडायच्या आणि देशवार सरासरी काढायची, असंच बाहेरच्याला वाटतं.

जोडण्याचं काम कंटाळवाणं असतं, पण अवघड नसतं. कुठे ‘माहीत नाही’ला ८ दिलेला असतो, कुठे ९८. ते काढायचे राहिले तर पाचच पर्याय असलेल्या प्रश्नाची सरासरी सहाच्या पुढे जाते, म्हणजे निदान लक्षात तरी येतं. शिक्षणाची कोष्टकं जुळवायची, वयाचे गट सारखे करायचे. वयाचं प्रमाणीकरण तर करावंच लागतं: रशियाच्या नमुन्यात वयस्कर बायका जास्त आणि घानाच्या नमुन्यात पन्नाशीतले पुरुष जास्त असतील, तर गुडघेदुखीतला फरक देशाचा की वयाचा, हे कळायला सगळ्यांना एकाच प्रमाणित वयरचनेवर आणायचं. हे पाठ्यपुस्तकातलं आहे, करून टाकायचं.

भारांकांपाशी मात्र थांबावं लागतं. एकट्या राहणाऱ्या म्हातारीची निवड होण्याची शक्यता आणि सात प्रौढांच्या घरातल्या एकाची शक्यता सारखी नसते, म्हणून प्रत्येक उत्तराला वजन द्यायचं. इथवर कुणाचा वाद नाही. वाद होतो तो सहा देश एकत्र करताना. लोकसंख्येच्या प्रमाणात वजन दिलं, तर चीन आणि भारत मिळून बाकी चौघांना गिळून टाकतात. घाना त्या आकड्यात असला काय आणि नसला काय, सारखाच. सगळ्या देशांना समान वजन दिलं, तर घानातल्या एका माणसाचा आवाज भारतातल्या कितीतरी माणसांएवढा होतो. यात बरोबर-चूक नसतं. प्रश्न ‘जगातली माणसं’ असा आहे की ‘देश नावाच्या व्यवस्था’ असा आहे, यावर सगळं ठरतं. परिसंवादांत मी अनेकदा पाहिलंय, निबंध वाचणाऱ्याला आपण यातलं नेमकं काय केलं हे विचारलं, की तो संगणकाच्या पॅकेजचं नाव सांगतो.

शिवाय एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. एकाच विहिरीचं पाणी, एकच डॉक्टर. त्यामुळे एका गावातल्या वीस मुलाखती म्हणजे वीस स्वतंत्र उत्तरं नव्हेत. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी याचा हिशेब कधीच घालून दिला आहे. युरोपियन सोशल सर्व्हे हे सर्वेक्षण २००२ पासून दर दोन वर्षांनी होतं. ते प्रत्येक देशाला नुसती मुलाखतींची संख्या सांगत नाही. अशा सारखेपणाने होणारा तोटा वजा जाता उरणारा प्रभावी नमुना १,५०० हवा, २० लाखांहून लहान देशात ८०० चालेल, असं सांगतं. मला हा नियम फार आवडतो. प्रत्येक देशाने नमुना आपापल्या पद्धतीने काढावा, पण अंदाजाची धार सगळीकडे सारखी हवी.

हे सगळं नीट केलं तरी केरळ-बिहारचा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एका गावी आम्ही अशाच प्रश्नांची तालीम घ्यायला गेलो होतो. सत्तरीच्या एक आजी ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी सून शेंगा निवडत होती. आमच्यातल्या मुलीने प्रश्न वाचला: “आजी, गेल्या महिन्याभरात हिंडाय-फिरायला किती त्रास झाला? अजिबात नाही, थोडा, मध्यम, खूप, की जमलंच नाही?”

“काय बी तरास न्हाई.”

सून मान वर न करता म्हणाली, “रातभर गुडघं धरून बसत्यात की.”

“वय झालं म्हंजी गुडघं दुखायचंच,” आजींनी तिला गप्प केलं. “त्याला तरास म्हंत्यात व्हय?”

नियम असा, की उत्तरदात्याचं उत्तर जसंच्या तसं नोंदवायचं. ‘अजिबात नाही’वर खूण झाली. हीच खूण मेक्सिको सिटीतला रोज फिरायला जाणारा निवृत्त शिक्षकही करील, आणि माझ्या फाइलीत दोघांच्या नावापुढे १ हा एकच आकडा येईल.

यावर एक तोड निघाली आहे, तिला आम्ही ‘अँकरिंग व्हिनेट’ म्हणतो. गॅरी किंग, ख्रिस्तोफर मरे, जोशुआ सालोमन आणि अजय टंडन यांच्या २००४ सालच्या निबंधाने ती सगळीकडे पोहोचली. स्वतःबद्दल विचारून झालं, की काही काल्पनिक माणसांची दोन-तीन वाक्यांत वर्णनं वाचून दाखवायची आणि ‘याला किती त्रास आहे?’ असं त्याच पाच पर्यायांत विचारायचं. वर्णन सगळ्या जगात एकच, नावं तेवढी स्थानिक. वर्णन तेच असताना एका देशातले लोक ‘थोडा’ म्हणतात आणि दुसऱ्या देशातले ‘खूप’, तर तो फरक प्रकृतीचा असू शकत नाही, तो मोजपट्टीचा आहे. मग आजींचं स्वतःबद्दलचं उत्तर या काल्पनिक माणसांच्या ओळीत बसवायचं. त्या कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली येतात, ते बघायचं. याहून पुढचं प्रारूप वापरलं, तर ‘थोडा’ कुठे संपतो आणि ‘मध्यम’ कुठे सुरू होतो ही सीमाच देश, वय, शिक्षण यांनुसार सरकू देता येते आणि मग उरलेला फरक मोजता येतो.

त्या निबंधातलं मुख्य उदाहरण राजकारणाचं होतं. सरकारदरबारी तुमच्या म्हणण्याला किती किंमत आहे, असं विचारल्यावर चीनमधल्या लोकांनी मेक्सिकोतल्या लोकांपेक्षा वरचं उत्तर दिलं. मेक्सिकोच्या मतदारांनी २००० साली सात दशकांची सत्ता मतपेटीतून उलथवली होती, तरीही! व्हिनेटांच्या आधाराने मोजपट्ट्या जुळवल्या, तेव्हा क्रम उलटा झाला. पहिल्यांदा वाचताना मी हरखून गेले होते.

पुन्हा माणच्या ओट्यावर येऊ. चालण्या-फिरण्याच्या व्हिनेटांत एक धडधाकट बाई आहे. तिला कसलीच अडचण नाही, ती आठवड्यातून दोनदा चार किलोमीटर धावते. आमच्या मुलीने ते वाचलं.

“कशापायी?” आजींनी विचारलं.

“व्यायाम म्हणून, आजी.”

“शेत न्हाई व्हय तिला?” मग थोडं थांबून, “मागं कोन लागलं असंल.”

सून खुदकन हसली. मुलगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. खूण कुठे करायची? आजींच्या दृष्टीने त्या बाईचं काहीतरी बिघडलेलं होतं, पाय नसतील पण डोकं नक्की. त्यानंतरचा माणूस दोनशे मीटर सहज चालतो, पण किलोमीटरभर गेल्यावर थकतो. त्याला आजींनी ‘अजिबात त्रास नाही’ दिलं. पाय सुजलेल्या आणि घरातल्या घरात कष्टाने वावरणाऱ्याला ‘थोडा’. इथे मात्र तोड कामाला आली: आजींचं ‘अजिबात नाही’ किती लांबपर्यंत पसरलेलं आहे, ते डोळ्यांना दिसलं.

व्हिनेटांचा सगळा डोलारा दोन गृहीतकांवर उभा आहे. एक म्हणजे वर्णन सगळ्यांना सारखंच समजतं. धावणाऱ्या बाईने ते आमच्यासमोर मोडलं. दुसरं म्हणजे माणूस स्वतःला आणि दुसऱ्याला एकाच मापाने मोजतो. आपल्याकडच्या बायकांबाबत मला याची नेहमी शंका येते: शेजारणीचा गुडघा दुखला तर ‘अगं बाई, दाखवून ये’ आणि स्वतःचा दुखला तर ‘चालायचंच’. शंका निव्वळ माझी नाही. २०११ साली तेरेसा बागो दुवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या वृद्धांच्या सर्वेक्षणात उत्तरं प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिली, तेव्हा दोन्ही गृहीतकं टिकली नाहीत. याच गटाने २००८ साली भारत, चीन आणि इंडोनेशियाच्या डेटावर दाखवलं होतं, की वेगवेगळे सामाजिक गट वेगवेगळ्या मापाने उत्तर देतात हे नक्की, पण त्यामुळे आरोग्यातल्या विषमतेच्या अंदाजात पडणारा फरक फार मोठा नसतो. यातलं दुसरं विधान उद्धृत करताना लोक गाळतात. ‘सगळंच सापेक्ष, काहीच मोजता येत नाही’ म्हणणाऱ्यांना ते गैरसोयीचं असतं.

हा प्रश्न गरीब देशांपुरताच आहे, असंही कुणी समजू नये. हेंड्रिक युर्गेस यांनी २००७ साली युरोपातल्या दहा देशांच्या डेटावर असंच काम केलं. डेन्मार्क आणि स्वीडनचे लोक आपली प्रकृती असते त्यापेक्षा चांगली सांगतात, जर्मन लोक वाईट सांगतात. सांगण्याची ही ढब बाजूला काढली, की देशांमधली दरी कमी होते.

‘सेज’मध्ये प्रत्यक्ष मोजमापंही आहेत: चार मीटर अंतर चालायला लागणारा वेळ आणि हाताच्या पकडीचा जोर. स्टॉपवॉचला मराठी आणि स्पॅनिश सारखंच. म्हणून मी पहिल्यापासून त्या स्तंभांच्या बाजूची. अर्थात चार मीटर सलग, सपाट जागा चाळीतल्या खोलीत सापडत नाही. मग बाहेर गॅलरीत चालवायचं, तिथे शेजारी जमतात आणि म्हातारबुवा जरा ऐटीत चालतात. तरीही हा गोंधळ ‘त्रास म्हणजे काय’ या गोंधळापेक्षा पुष्कळ बरा. निदान कोणत्या दिशेने चुकतोय, ते कळतं.

आता पासंगाकडे. एका प्रश्नाऐवजी बारा प्रश्न विचारून एकच गोष्ट मोजली, तर प्रश्नांची एकमेकांशी असलेली नाती प्रत्येक देशात तपासता येतात. ‘सेज’मध्ये अपंगत्व मोजणारा असा बारा प्रश्नांचा संच आहे: अर्धा तास उभं राहणं, किलोमीटरभर चालणं, स्वतः आंघोळ करणं, अनोळखी लोकांशी वागणं वगैरे. तपासणी तीन पायऱ्यांची असते. सगळ्या देशांत प्रश्नांचे गट सारखेच पडतात का? मूळ त्रास एका मापाने वाढला, की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सगळीकडे सारखंच सरकतं का? आणि मूळ त्रास सारखा असलेली दोन देशांतली माणसं त्या प्रश्नाला सरासरीने सारखंच उत्तर देतात का? पहिल्या दोन पायऱ्या बहुधा पार पडतात. तिसरीवर देश कोसळतात. म्हणजे तराजूची दांडी सरळ आहे, वजनं खरी आहेत, पण एका पारड्याला खालून पासंग चिकटलेला आहे. अशा तराजूवर एकाच दुकानातल्या दोन पिशव्यांची तुलना करता येते. दोन दुकानांतल्या पिशव्यांची येत नाही. आमच्या भाषेत बोलायचं तर देशांतर्गत संबंध तपासा, उतार पडताळा, पण देशांच्या सरासऱ्या शेजारी-शेजारी मांडू नका.

पासंग कुठे आहे ते पुष्कळदा डोक्याने कळतं, संगणक फक्त दुजोरा देतो. अनोळखी लोकांशी वागायला अवघड जातं असं खेड्यातली सासुरवाशीण सांगते, तेव्हा ती प्रकृतीबद्दल बोलत नसते, घरच्या रिवाजाबद्दल बोलत असते. युरोपियन सोशल सर्व्हेतल्या शालोम श्वार्ट्झ यांच्या मूल्यांच्या प्रश्नांवर दाविदोव्ह, श्मिट आणि श्वार्ट्झ यांनी २००८ साली वीस देशांत हीच तपासणी केली. दुसरी पायरी जमली, तिसरी नाही. प्रश्नसंचाच्या जनकाचं नाव असलेल्या निबंधात असा निष्कर्ष छापला जातो, याबद्दल मला त्या माणसाविषयी आदर वाटतो.

२०१४ पासून ‘अलाइनमेंट’ नावाची पद्धत हाताशी आहे. तिचं म्हणणं असं, की बहुतेक प्रश्न बहुतेक देशांत ठीक असतील आणि थोडेच बिघडलेले असतील, तर त्या थोड्यांना बिघडू द्या आणि सरासऱ्या काढा. मुलांना ही पद्धत फार प्रिय आहे, कारण तिच्यातून कायम उत्तर मिळतं. माझं मत निराळं. बिघाड थोडाच आहे, हे ज्याने आधी दाखवलं त्याने ती वापरावी. पुष्कळांना ती पुढचा प्रश्न टाळायला हवी असते.

सहाच देश असताना व्यक्ती आणि देश असे दोन स्तर एकत्र धरणारं बहुस्तरीय प्रारूप लावण्याचा मोहही असाच. मार्क ब्रायन आणि स्टीफन जेन्किन्स यांनी २०१६ साली बजावून ठेवलंय, की देशपातळीवरच्या कारणांबद्दल अशा प्रारूपातून काही म्हणायचं, तर साध्या प्रारूपाला निदान २५ देश हवेत. व्यक्ती ३४ हजार असल्या तरी देश सहाच. कितीही माणसं वाढवली, तरी सातवा देश त्यातून निघत नाही.

एकदा एका प्रायोजक संस्थेला आमच्याकडून एकच पान हवं होतं: सहा देशांची उतरंड, वृद्धांच्या त्रासाची, एक ते सहा. आमच्या सरांनी त्यांना पत्राने कळवलं, की चालण्याच्या वेगाचं कोष्टक देता येईल, प्रत्येक देशात गरीब आणि श्रीमंत वृद्धांमधली दरी किती हे देता येईल, पण ही उतरंड देता येणार नाही. फोनवर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “पण आकडे तर तुमच्याकडे आहेत!” आहेत ना. म्हणून तर देत नव्हतो. शेवटी त्यांनी दुसरीकडून ती उतरंड करून घेतली आणि ती रंगीत छापून आली. भारत त्यात चांगल्या जागी होता. आजींसारख्यांच्या ‘काय बी तरास न्हाई’ने त्यात भर घातलीच असणार.

दर मार्चमध्ये असाच फोन मला ओळखीच्या पत्रकारांकडून येतो, आनंदाच्या जागतिक अहवालातल्या देशांच्या यादीबद्दल. २०२४ च्या अहवालात १४३ देशांत भारत १२६ वा आणि पाकिस्तान १०८ वा होता. २०२५ मध्ये १४७ देशांत आपण ११८ वे आणि पाकिस्तान १०९ वा. “ताई, हे खरं कसं असेल?” यात मुळात विचारलेलं असतं ते एवढंच: शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांपुढे आणा. सर्वांत वर तुमच्यासाठी शक्य असलेलं उत्तम आयुष्य, तळाशी सर्वांत वाईट. तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? ही शिडी हॅडली कँट्रिल यांची, १९६५ च्या पुस्तकातली. तिची दोन्ही टोकं उत्तर देणाराच ठरवतो. बहुतेक देशांत वर्षाला सुमारे हजार लोकांना विचारून, तीन वर्षांची सरासरी काढून यादी लागते. फिनलंड वर आणि अफगाणिस्तान तळाला, हे मला पटतं. इतका मोठा फरक निव्वळ मोजपट्टीने पडत नाही. मधल्या गर्दीत दहा-वीस जागा वर-खाली झाल्या, यावर अग्रलेख लिहिणं मात्र वेळ फुकट घालवणं आहे, मग तो देशाची लाज काढणारा असो की यादी हे परदेशी कारस्थान ठरवणारा.

अहवाल काढणाऱ्यांनी हे लपवलेलं नाही. प्रत्येक देशाच्या आकड्याभोवती त्यांनी अनिश्चितता दाखवणारी आडवी रेष काढलेली असते. वर्तमानपत्रात येता येता ती गळते. पुढच्या मार्चमध्ये यादी येईल तेव्हा क्रमांकाच्या बातमीवर थांबू नका. मूळ अहवाल फुकट उतरवून घेता येतो. तो उघडा आणि भारताच्या समोरची रेष आणखी किती देशांच्या रेषांवर पडते, तेवढं मोजा.